तुम्ही विचारलंत म्हणून: झेपते का हो ही गाडी रोज?

सिग्नलला विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. पुरुषांचा पहिला प्रश्न "किती देते?" आणि मग "झेपते का हो ताई?", बायका सरळ दुसराच विचारतात आणि तोही जवळ येऊन, हळू आवाजात, कारण त्यांना तो स्वतःसाठी विचारायचा असतो. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलीने विचारलं, तिला पहिल्या पगारातून अशीच घ्यायचीय. तिला जिन्यात उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण बरंच राहिलं, म्हणून आता नीट लिहितेय.

गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, बुलेटच्याच कंपनीची मोटरसायकल. हिरवी, स्पोकच्या चाकांची, २०२२ च्या दिवाळीत घेतलेली. मी पाच फूट दोन इंच, वजन छप्पन किलो. रोज वारजे ते शिवाजीनगर, म्हणजे कर्वेनगर, कर्वे रोड, नळ स्टॉप, डेक्कन, जायचे दहा-अकरा किलोमीटर आणि यायचे तेवढेच, पावसाळा धरून. आतापर्यंत बावीस हजार किलोमीटर झालेत. किती देते ते पण सांगून टाकते, शहरात एकतीस-बत्तीस, हायवेला निवांत चालवली तर छत्तीसपर्यंत, टाकी १३ लिटरची, मला दोन-अडीच आठवडे पुरते.

आता झेपण्याचं. गाडीचं वजन १९५ किलो, ॲक्टिव्हाच्या जवळजवळ दुप्पट. आकडा ऐकून लोक दचकतात, मी पण दचकले होते. पण एकदा गाडी चालायला लागली की ते वजन कुठे जातं कळत नाही, माणूस चालतो त्या स्पीडला आली की हँडल हलकं होऊन जातं. सगळं वजन अंगावर येतं ते गाडी उभी असताना, आणि ट्रॅफिक म्हणजे दुसरं काय, उभं राहणंच. त्यामुळे चालवता येते का हा प्रश्नच नाही, उभं राहता येतं का हे बघायचं.

उभं राहण्यात एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण चालतो डावीकडून, थांबल्यावर टेकतो डावा पाय, उजवा मागच्या ब्रेकवर. म्हणजे जो पाय टेकायचा नेमकी त्याच बाजूची जमीन खाली. ॲक्टिव्हावर हे कळतही नाही. इथे सीटची उंची ८०५ मिलिमीटर, त्यात कडेचा उतार, त्यात रस्ता नवीन डांबरीकरण करून वर आलेला आणि कडेची पट्टी चार बोटं खाली राहिलेली, की माझा पाय हवेतच. पहिल्या वर्षी मी गाडी पाडली ती अशीच. पडताना स्पीड शून्य होता. कर्वे रोडला बस पुढे थांबली म्हणून मी कडेला थांबले, पाय टाकला तो बारीक खडीवर, पाय सरकला आणि गाडी अगदी सावकाश डावीकडे झुकायला लागली, मी जीव खाऊन धरून ठेवायला बघतेय आणि ती खाली चाललीय. एका हद्दीपर्यंत धरता येते, त्या पलीकडे गेली की सोडून द्यायची, बाजूला व्हायचं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी धरून ठेवली आणि मनगट पंधरा दिवस दुखलं. मागचा रिक्षावाला उतरून आला, "ताई, सोडा तुम्ही, मी घेतो" म्हणाला, त्याने आणि एका पोराने उचलली. क्रॅश गार्ड होता म्हणून गाडीला काही झालं नाही, आरसा फिरला तेवढाच.

तेव्हापासून मी कडेला थांबत नाही. लेनच्या मधे थांबते, जिथे रस्ता सपाट असतो तिथे, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. आणि थांबायच्या आधी दहा फुटांवरूनच पाय कुठे पडणार ती जागा बघून ठेवते, खडी आहे का, ऑइल आहे का, ड्रेनेजचं झाकण आहे का. आता ही सवय इतकी झालीय की बसमधून जाताना पण नजर तिथेच जाते.

दुसरं म्हणजे पडलेली गाडी एकटीने उचलायला शिकले, कारण दर वेळी रिक्षावाला असेलच असं नाही. एका मैत्रिणीने शिकवलं, रविवारी सकाळी, सोसायटीच्या मागच्या मैदानात जुनी गादी टाकून त्यावर गाडी मुद्दाम आडवी केली. तोंड गाडीकडे करून, कमरेत वाकून ओढायला गेलात तर पाठ जाते. गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, सीटच्या कडेला आपली बैठक लावायची, हँडल पूर्ण वळवून त्याची खालची मूठ एका हातात, दुसऱ्या हाताने मागचा दांडा, आणि मग छोटी छोटी पावलं टाकत मागे मागे चालायचं. सगळं काम मांड्यांचं. त्याआधी इंजिन बंद, गिअरमध्ये टाकून ठेवायची म्हणजे चाक फिरत नाही, आणि गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर एवढी उचललेली दुसऱ्या बाजूला जाते. सहाव्यांदा की सातव्यांदा जमलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी माझी भीती निम्म्यावर आली, हे अगदी खरं सांगतेय, नंतर कधी रस्त्यावर तशी उचलायची वेळ आली नाही तरी.

सीटचं पण सांगते. उंची कमी करायला सगळे सीट वरून कापायला सांगतात, मी नाना पेठेतल्या सीटवाल्याकडे गेले तर त्याने मला गाडीवर बसवून बघितलं आणि म्हणाला वरून नको, बाजूने तासू. सीट रुंद असलं की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्च होते. त्याने पुढच्या निमुळत्या भागाचा दोन्हीकडचा फोम तासला, गादी तशीच ठेवली, आणि टाचा टेकायला लागल्या.

मग डावा हात. ट्रॅफिकचा खरा मार डाव्या हातावर बसतो, नवीन गाडीवर पहिले दोन महिने संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. क्लच केबलला लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील पाहिजे, ती बरोबर करून घेतली, केबलला तेल सोडलं, निम्मा त्रास तिथे गेला. उरलेला निम्मा माझ्या सवयीचा होता. स्कूटरवरून आलेला माणूस सारखा क्लच दाबून धरतो, विश्वास बसत नाही की गाडी सोडून दिली तर चालेल. पण हे इंजिन लाँग स्ट्रोक आहे, पिस्टन ७२ मिलिमीटर रुंद आणि त्याची वरखाली धाव ८५.८ मिलिमीटर, म्हणून खालच्या आरपीएमला पण ओढ भरपूर. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून दिला, ॲक्सिलरेटरला हातही लावला नाही तरी गाडी बंद न पडता रिक्षाच्या मागे मागे चालत राहते. नळ स्टॉपच्या रांगेत मी तेच करते, पुढे थोडी जागा ठेवते आणि त्या जागेत गाडीला तिच्या चालीने जाऊ देते. जागा ठेवली की कोणीतरी स्कूटर घालतोच मधे, घालू दे. आणि सिग्नलला थांबायच्या जरा आधी, चाक फिरत असतानाच न्यूट्रल करून घ्यायची, उभी राहिल्यावर शोधत बसलं की सापडत नाही.

ॲक्टिव्हावाल्यांपेक्षा मला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. हँडल रुंद, क्रॅश गार्ड रुंद, बस आणि डिव्हायडरच्या फटीत मी जात नाही. आधी जायचे, ॲक्टिव्हा असताना रोज जायचे, आणि ऑफिसला पोचेपर्यंत खांदे कानाला लागलेले असायचे. ह्या गाडीवर पाठ सरळ असते, नजर कारच्या टपावरून पुढे जाते, चार गाड्यांपुढे काय चाललंय ते दिसतं. उशीर होतो पण पोचते ती माणसात असलेली पोचते, घरात पण हे सगळ्यांच्या लक्षात आलंय.

उन्हाळा मात्र कठीण. इंजिन एअर-ऑइल कूल्ड आहे, रेडिएटर नाही, म्हणजे थंड करायला वारा लागतो आणि वारा लागायला गाडी चालावी लागते. मे महिन्यात ४० अंशाला उभं राहिलं की उजव्या नडगीला सायलेन्सरच्या वाकाची धग लागते. सिग्नलवर साठच्या वरचा आकडा दिसला की मी इंजिन बंद करते. लेगिंग घालून ह्या गाडीवर बसू नका, सिंथेटिक कापड सायलेन्सरला चिकटून वितळतं, माझं एक असंच गेलं. सुती जीन्स आणि घोटा झाकणारे बूट, बस. ओढणी असेल तर घट्ट बांधलेली, टोक लोंबतं नको.

आणि पहिला पाऊस. जूनच्या पहिल्या सरीला वर्षभराचं ऑइल वर येतं तेव्हा दोन दिवस मी खरंच बसने जाते. नंतर मग ब्रेक लांबून आणि दोन्ही मिळून, झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर गाडी वाकवायची नाही. एबीएस आहे दोन्ही चाकांना, त्याने चाक लॉक होत नाही, पण गाडी वाकलेली असताना त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आई मागे बसते का, हे पण विचारतात. बसते. एकोणसत्तर वर्षांची आहे, साडी नेसून, दोन्ही पाय डावीकडे. म्हणजे परत सगळा भार डावीकडेच. आमचं ठरलेलं आहे, मी आधी फूटपाथच्या जवळ सपाट जागा बघून उभी राहते, दोन्ही पाय खाली, पुढचा ब्रेक दाबलेला, ती फूटपाथवर चढून माझ्या खांद्यावर हात ठेवते आणि विचारते "बसू?", मी "बस" म्हटल्याशिवाय ती बसत नाही. उतरताना पण तसंच, "उतरू?", "उतर". एकदा ती न सांगता उतरली होती आणि गाडी एकदम हलकी होऊन उजवीकडे गेली, कशीबशी धरली, तेव्हापासून हा नियम. तुळशीबागेपर्यंत जाऊन येतो आम्ही असे.

माझ्या मामाकडे साताऱ्याला १९८६ ची बुलेट होती, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. किक मारण्याआधी मामा अँपिअर मीटरचा काटा मधे आणायचा, डिकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, लिव्हर दाबून किक अलगद खाली सोडायचा आणि मग एकच किक. मला सात-आठ वर्षांची असल्यापासून तो काटा बघायचं काम असायचं, "आला" म्हणायचं. ही गाडी मी घेतली त्याचं कारण तेच, १९४८ च्या मॉडेलवरून बेतलेली टाकी आणि मडगार्डची गोलाई, ती बघितली की मामाचं अंगण दिसतं. पण जुने बुलेटवाले म्हणतात की आता ती मजा राहिली नाही, ते मला पटत नाही. २०२१ पासूनच्या क्लासिकच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, थरथर फार कमी झालीय, आरशात मागचं दिसतं. मामाच्या हातांना शेवटी शेवटी मुंग्या यायच्या. रोज तासभर गर्दीत चालवणाऱ्याला ती थरथर नको असते. आणि कृपा करून सायलेन्सर बदलू नका, मूळ आवाज पुरेसा भारदस्त आहे, फटाके फोडणाऱ्या दोन-चार पोरांमुळे ह्या गाडीवरच्या प्रत्येकाकडे लोक रागाने बघतात, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन तान्ही मुलं आहेत म्हणून मी रात्री गेटपासून गाडी बंद करून ढकलत आणते. किक आता नाही, फक्त सेल्फ, त्यामुळे बॅटरीकडे लक्ष हवं, १९५ किलो ढकलून स्टार्ट करणं कोणाच्याच हातचं नाही.

चाकांबद्दल एकच. स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, अलॉयमध्ये ट्यूबलेस. मागच्या चाकात खिळा गेला तेव्हा दोन पंक्चरवाल्यांनी चाक खोलायला नकार दिला, तिसऱ्याने खोललं, सव्वा तास गेला. मला स्पोक आवडतात, पुसायला बसले की अर्धा तास जातो तोही आवडतो, पण रोज ऑफिसला जाणारीने अलॉयच घ्यावं.

पार्किंगमध्ये नाक उताराकडे करून कधीच लावायची नाही, रिव्हर्स घेता येत नाही. मी मागचं चाक कडेला लावते, नाक बाहेर, आणि मुक्कामाला लावायची असली की डबल स्टँड, त्याला ताकद लागत नाही, स्टँडच्या पायावर सगळं अंग टाकलं की गाडी आपोआप चढते.

शेजारच्या मुलीने शेवटी विचारलं, आता किंमत उतरलीय तर घेऊ का. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याच्या वरच्यांना ४० आहे, आणि हे इंजिन ३४९ सीसीचं, त्यामुळे फरक पडलाय हे खरं. तिला मी म्हटलं शोरूमची टेस्ट राइड सकाळी अकरा वाजता मोकळ्या रस्त्यावर घेऊ नकोस, तेव्हा कोणतीही गाडी छानच वाटते. संध्याकाळी साडेसहाला माग. ऑफिस सुटल्याच्या गर्दीत दोन सिग्नल घे, एक यू टर्न, मग कुठेतरी उतरून गाडी पार्किंगमधून स्वतः ढकलून बाहेर काढ. आणि परत आल्यावर डाव्या हाताने पाण्याची बाटली उघडून बघ. त्याआधी रविवारी सकाळी सात वाजता मैदानात ये, गादी मी आणते.