नागपूर ते मालवण: पाण्याखालचा कॅमेरा पाणी बघून निवडा

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे डाइव्ह उथळ असतात, बहुतेक ५ ते १० मीटर. पाणी अंदमानसारखं आरपार नसतं. या फेरीत चारपैकी तीन डाइव्हना जेमतेम ४ मीटरपर्यंतचं दिसत होतं. ओहोटीच्या ओढीने गाळ उठला की तेवढंही नाही. नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) दुकानात मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) हातात घेऊन सेन्सरची चर्चा करताना नेमकं हेच विसरलं जातं.

गटात तीन संच होते: हाउसिंगमधला (जलरोधक कवचातला) ऑलिंपस टीजी-६, एक इंची सेन्सरचा सोनी आरएक्स१००, आणि डोम पोर्ट (लेन्ससमोरची घुमटाकार काच) व एका स्ट्रोबसह (पाण्याखालचा वेगळा फ्लॅश) सोनी ए६४००. सगळ्यात स्वस्त संचाने, म्हणजे टीजीने, सगळ्यात जास्त वापरण्याजोगे फोटो दिले. गढूळ पाण्यात कॅमेरा आणि विषय यांच्यामधलं पाणी कमी करणं हा एकच उपाय असतो. टीजीचा मायक्रोस्कोप मोड भिंगापासून १ सेंटीमीटरवर फोकस घेतो. ए६४०० ची १६-५० किट लेन्स मात्र २५ सेंटीमीटरच्या अलीकडे येऊ देत नाही, तेही सेन्सरपासून मोजलेले. त्यात डोममागे लेन्सला खरा मासा नाही, तर डोमजवळ तयार झालेली त्याची आभासी प्रतिमा दिसते, त्यामुळे जवळ फोकस न घेणारी लेन्स तिथे अडखळते. कडा मऊ येऊ नयेत म्हणून लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान, एफ/८ ते एफ/११ ठेवावं लागतं, म्हणजे प्रकाश आणखी कमी. डोम ही निळ्याशार पाण्यासाठीची चैन आहे. मालवणला मिररलेस न्यायचाच असेल तर फ्लॅट पोर्ट (सपाट काच) आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळ फोकस घेणारी) न्या.

टीजीच्याही मर्यादा आहेत. त्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही, सेन्सर लहान, आयएसओ ८०० च्या वर दाणे दिसतात. हाउसिंगविना तो १५ मीटरपर्यंत चालतो, हाउसिंगमध्ये ४५ मीटर. मालवणची खोली १५ च्या आतलीच असली तरी हाउसिंग घ्यावं, कारण उघड्या कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण वाळूच्या एका कणानेही गळतं आणि तेव्हा वाचवायला दुसरं कवच नसतं. आरएक्स१०० हा मधला मार्ग, पण झूम केल्यावर तो जवळ फोकस घेत नाही. हाउसिंगच्या ६७ मिलिमीटर आट्यांवर बसणारी क्लोज-अप वेट लेन्स (हाउसिंगबाहेरून लावायची लेन्स) सोबत हवी. ही लेन्स पाण्यातच लावता-काढता येते. लावताना काचांमध्ये बुडबुडा अडकतो, तो झटकून काढा.

हाउसिंग नेमक्या मॉडेलचंच लागतं. ए६४०० चं ए६७०० ला बसत नाही. शिवाय ए६७०० ला अंगचा फ्लॅश नाही, त्यामुळे फायबर केबलने स्ट्रोब पेटवायला वेगळा ट्रिगर घ्यावा लागतो. हा खर्च आधी धरा.

आता प्रकाश. पाणी तांबडा रंग आधी गिळतं. नागपुरी संत्रं १० मीटरवर नेलं तर मळकट, करडं दिसेल. टॉर्च किंवा स्ट्रोब हातभर अंतरात असेल तरच रंग परततो. त्यापलीकडे कस्टम व्हाइट बॅलन्स (त्या खोलीवरच्या प्रकाशानुसार रंगांचा मेळ) करा, आणि खोली ३-४ मीटरने बदलली की पुन्हा करा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. गाळाचे पांढरे ठिपके येतात ते स्ट्रोब लेन्सच्या शेजारी असल्यामुळे: प्रकाश थेट कणांवर पडून मागे येतो. स्ट्रोब हाउसिंगला जोडलेल्या दांड्यांवर (आर्म) बाजूला पसरवा, पोर्टच्या थोडा मागे घ्या आणि तोंड किंचित बाहेर वळवा. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश गढूळ पाण्यात निरुपयोगीच.

गळती बहुतेक वेळा खोलीवर नाही, पहिल्या मीटरभरात होते. दाब वाढला की ओ-रिंग (झाकणाच्या कडेची रबरी कडी) उलट घट्ट बसते. म्हणून निघण्याआधी नागपुरातच रिकामं हाउसिंग बादलीत वजन ठेवून अर्धा तास बुडवा. आत टिश्यू ठेवला की थेंबही कळतो. ओ-रिंग टोकदार वस्तूने काढू नका. बोटांनी दाबून फुगवटा आणा आणि उचला. केस, धागा, मीठ पुसा. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, फक्त चकाकी येण्यापुरतं. जास्त लावलं तर वाळू चिकटते. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीनेच सांगितलेलं वापरा.

धुक्याने एका डाइव्हचे फोटो वाया गेले. किनाऱ्यावरची दमट हवा आत बंद झाली, होडीत हाउसिंग उन्हात तापलं, आणि गार पाण्यात उतरताच काचेवर वाफ धरली. हाउसिंग रात्रीच एसी खोलीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह बंद करा आणि होडीत ओल्या टॉवेलखाली ठेवा. सकाळी किनाऱ्यावर कार्ड बदलायला उघडलंत तर रात्रीची मेहनत गेली.

पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्यांनी कॅमेरा नेऊ नये. हात गुंतले की पाण्यात तरंगण्याचा तोल सांभाळणं सुटतं आणि प्रवाळावर पाय पडतो. ही जागा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आधी ओपन वॉटर (स्कूबाचं प्राथमिक) प्रमाणपत्र, मग कॅमेरा.

जायला नागपूर–मडगाव विशेष गाडी सोयीची, कुडाळला उतरून मालवण सुमारे ३० किलोमीटर. ती मुदतवाढीवर चालते, म्हणून आरक्षणाआधी तारखा तपासा. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. विमानाने जाणार असाल तर लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक केबिनमध्येच ठेवा. हाउसिंगची ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर दाबातल्या फरकाने झाकण चिकटून बसतं. परतताना अनेक डाइव्ह झाले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नको. गाडीने आंबोली घाट चढणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथली उंची सुमारे ७०० मीटर, म्हणजे विमानासारखाच हवेचा दाब कमी, आणि ही गोष्ट होडीवर सहसा कोणी सांगत नाही.

प्रत्येक दिवशी गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवून सगळी बटणं दाबा, नाहीतर स्प्रिंगमध्ये मीठ जमून बटण अडकतं. घरी आल्यावर ओ-रिंग काढून पिशवीत, कड्या उघड्या, बॅटरी अर्धी भरलेली ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात हे सामान गाडीत मात्र ठेवू नका.