येशू रडला
आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला, बायबलमधलं योहान 11:35. लहानपणी सगळ्यात छोटं वचन म्हणून पटकन पाठ केलेलं, खरं कळलं ते आत्ता. लग्नाला वर्षही नाही झालं आणि आमचं बाळ जन्माआधीच गेलं. देवाची इच्छा म्हणणारे खूप भेटले, त्यांच्यावर राग नाही, पण लाजरला मेलेल्यांतून उठवणारच होता तो येशूसुद्धा आधी रडला ना! आज नाशिकरोडला बाळ येशूच्या चर्चमध्ये गेलो, ह्यांचा हात इतका थरथरत होता की मेणबत्ती पेटेचना, मग मी हात धरला त्यांचा. मागायचं काही सुचलंच नाही, नुसते रडलो, पहिल्यांदाच दोघं मिळून. फेब्रुवारीच्या यात्रेला परत येऊ म्हणाले, मी हो म्हटलं. प्रार्थनेत आठवण ठेवा आमची 🙏