बिनचेहऱ्याचा क्लायंट

म्युझिक प्लेअर डीमन, म्हणजे एमपीडी, हा पडद्यामागे राहून गाणी वाजवणारा सर्व्हर; त्याला स्वतःची स्क्रीन नाही, त्याला हुकूम देणारा वेगळा प्रोग्राम म्हणजे क्लायंट. असा क्लायंट लिहिते आहे म्हटलं की जाणकारांचा प्रश्न ठरलेला: "आणखी एक?" प्रश्न रास्तच आहे. कमांड लाइनसाठी एमपीसी आहे, टर्मिनलवाल्यांसाठी एनसीएमपीसीपीपी आहे, अँड्रॉइडवर माल्प आहे, आणि हौसेने सुरू होऊन मध्येच थांबलेल्यांची तर गणतीच नाही. एमपीडी २००३ पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत सर्व्हर एकच राहिला आणि तोंडं वाढत गेली.

पण मला गाणी ऐकायचीच नाहीत. माझ्याकडे तास-दीड तासाच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज आहेत आणि ती मी तुकड्यातुकड्यांनी ऐकते. कधी लॅपटॉपवरून सुरू करते, कधी फोनवरून थांबवते. आवाज मात्र सर्व्हरला जोडलेल्या स्पीकरमधूनच येतो. शफल नको, अल्बमची चित्रं नकोत. काल जिथे थांबले तिथून पुढे सुरू व्हावं, एवढंच मागणं.

एमपीडीवर काही लिहायचं असेल तर आधी कोड लिहू नका. टेलनेटने (दूरच्या सर्व्हरला मजकूर टाइप करून पाठवण्याचं जुनं साधन) एमपीडीच्या ६६०० क्रमांकाच्या पोर्टला जोडून घ्या आणि सर्व्हरशी हाताने बोला. तो आधी 'ओके एमपीडी' म्हणतो आणि पुढे एक आकडा देतो. (हा आकडा प्रोटोकॉलच्या, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या नियमांच्या आवृत्तीचा, डीमनच्या नव्हे.) 'स्टेटस' टाइप केलं की एकेका ओळीत नाव, कोलन, किंमत असं उत्तर येतं आणि शेवटी 'ओके'. काही बिनसलं तर 'ॲक', चौकटी कंसात त्रुटीचा क्रमांक आणि महिरपी कंसात कमांडचं नाव. सगळं साधा मजकूर. तासभर असं बोललात की निम्मं डिझाइन आपोआप ठरतं. सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी लिबएमपीडीक्लायंट ही लायब्ररी तयार आहे. मी पायथनमध्ये थेट सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी कच्ची जोडणी, उघडलं.

खरा कस लागतो तो पुढे. स्क्रीनवरचं पॉजचं बटण दाबलं की लगेच चिन्ह बदलायचा मोह होतो. तो आवरायचा. बटणाने फक्त कमांड पाठवायची. चिन्ह बदलायचं ते सर्व्हरने सांगितल्यावर. कारण त्याच क्षणी फोनवरून कुणी 'पुढचं' दाबलेलं असू शकतं. यासाठी 'आयडल' कमांड आहे: ती दिली की सर्व्हर गप्प बसतो आणि काही बदललं की कशात बदल झाला तेवढंच सांगतो, 'प्लेअर', 'प्लेलिस्ट', 'मिक्सर' वगैरे. नेमकं काय बदललं ते आपण पुन्हा विचारायचं. आयडलमध्ये असताना त्या जोडणीवर 'नोआयडल'खेरीज दुसरी कमांड चालत नाही. पुष्कळ जण एकाच जोडणीवर आयडल, नोआयडलची कसरत करतात. मी सरळ दोन जोडण्या ठेवते, एक ऐकायला आणि एक बोलायला. शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. मला रात्री शांत झोप लागते.

गंमत म्हणजे रेकॉर्डिंग किती सेकंद पुढे गेलं हे आयडल कधीच सांगत नाही. सुरू झालं, थांबलं, सरकवलं एवढंच कळतं. मधल्या काळाचं घड्याळ क्लायंटने स्वतः चालवायचं. म्हणजे स्क्रीनवर सरकणारी पट्टी हा अंदाज असतो आणि पुढच्या स्टेटसला तो दुरुस्त होतो.

आता माझा मुख्य मुद्दा, थांबल्याची जागा. ती लॅपटॉपवर फाइलमध्ये लिहिली तर फोनला काय कळणार? एमपीडीत स्टिकर नावाची सोय आहे: कुठल्याही गाण्याला (माझ्या बाबतीत रेकॉर्डिंगला) एक नाव आणि एक किंमत चिकटवता येते, आणि ती सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहते. काही क्लायंट पसंतीचे गुण असेच साठवतात. कॉन्फिगरेशनमध्ये स्टिकरची फाइल दिलेली नसेल तर ही सोय बंद असते, शिवाय मोपिडीसारखे वेगळे सर्व्हरही हाच प्रोटोकॉल बोलतात. म्हणून जोडल्याजोडल्या 'कमांड्स' पाठवून स्टिकर चालतं का ते विचारून घ्यावं. आवृत्तीच्या आकड्यावरून तर्क बांधू नये.

पण स्टिकर लिहिणार कोण? फोनवरच्या तयार ॲपमधून पॉज केलं आणि माझा क्लायंट तेव्हा बंद असेल, तर कुणीच नाही. म्हणून जो क्लायंट लिहायला बसले होते त्याचे दोन झाले. एक दिसणारा, अगदी किरकोळ. दुसरा सर्व्हरच्याच मशीनवर सतत चालणारा, स्क्रीन नसलेला. तो आयडल लावून बसतो, 'प्लेअर' ऐकू आलं की स्टेटस आणि चालू गाणं दोन्ही कमांड लिस्टमधून, म्हणजे कमांड एकत्र बांधून, एकाच दमात विचारतो आणि जागा लिहून ठेवतो. पॉज कुठल्याही ॲपमधून आला तरी त्याला फरक पडत नाही. मला विचाराल तर या प्रकल्पातला खरा क्लायंट हाच.

त्यातला किचकट भाग म्हणजे एक रेकॉर्डिंग सोडून दुसऱ्यावर उडी मारली तर काय? बातमी येईपर्यंत स्टेटसमध्ये नवं रेकॉर्डिंग आलेलं असतं, जुन्याची वेळ गेलेली. इथे ते स्वतःचं घड्याळ कामी येतं: शेवटचा अंदाज जुन्याच्या स्टिकरमध्ये टाकायचा. अंदाज एकूण लांबीला टेकला असेल तर ते ऐकून संपलं असं धरून स्टिकर काढून टाकायचं.

एक अडचण मात्र सर्व्हरच्या रचनेतच आहे. स्टिकर फाइलच्या पत्त्याला चिकटतं, आतल्या आवाजाला नाही. फाइलचं नाव बदलून डेटाबेस अपडेट केला की जुन्या नावाबरोबर स्टिकरही जातं. म्हणून नावं नीट करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टचा क्रम ठरलेला आहे: आधी स्टिकर वाचायचं, मग फाइल हलवायची, 'अपडेट' द्यायचं, आयडलवर 'डेटाबेस' येईपर्यंत थांबायचं आणि मगच नव्या पत्त्यावर लिहायचं. घाई केली तर असं गाणंच नाही म्हणून सर्व्हर ॲक देतो, आणि ते बरोबरच आहे. त्याच्या लेखी ते अजून आलेलंच नसतं.