माझा पंचनामा

दुपारी साडेतीनला आमच्या लातूरच्या गल्लीत दिवे लावावे इतका अंधार झाला. एप्रिलात हे काही नवीन नाही. वळीव येतो, धूळ उडवतो, चार थेंब टाकून निघून जातो. मी गच्चीवरच्या कुरडया उचलायला धावले. कुरडया वाचल्या. परसातला दोडका डोक्यातच आला नाही.

पहिली गार पत्र्यावर टणकन वाजली, मग वरून कुणी खडीचं टेम्पो रिकामं केलं. सगळा खेळ दहा मिनिटांचा. उघडल्यावर मागे जाऊन पाहिलं, तर मांडव एका अंगावर बसलेला, दोडक्याच्या पानांची चाळणी झालेली, टोमॅटो चिखलात, मेथीवर वरवंटा फिरलेला. शेवग्याची फांदी कंपाउंडवर आडवी. शेवगा एरवीही मोडायला निमित्तच शोधत असतो म्हणा. आणि या सगळ्यावर पांढऱ्याशुभ्र गारा पसरलेल्या. इतक्या देखण्या, की रागवावं कुणावर तेच कळेना.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात गारा म्हणजे फुकटचा बर्फ. पोरं डोक्यावर घमेली घेऊन अंगणात, मी पितळी उपडी धरून त्यांच्या मागे. आजी ओसरीवरून ओरडायची, "डोस्कं फुटंल गं!" आणि चुलीपाशी जाऊन तवा आणायची, अंगणात उपडा टाकायची. तव्याला भिऊन गारा थांबतात म्हणे. थांबायच्याही. गारपीट फार वेळ टिकतच नाही, त्यामुळे तव्याची पत कधी गेली नाही. गार फोडली की आत कांद्यासारखे पापुद्रे दिसायचे. ढगात वरखाली हेलकावे खाताना ती एकेक थर चढवून घेते, हे पुढे शाळेत कळलं. आम्ही ती करकर चावून खायचो. आजी एकही तोंडात घालत नसे. तिचे दात दुखत असतील, असं मला वाटायचं.

असो. कॅलेंडरच्या पाठीवर मी रीतसर पंचनामा लिहायला घेतला. टोमॅटो, नऊ झाडं, पूर्णतः बाधित. वांगी पाच, अंशतः बाधित. मेथी, एक वाफा, भुईसपाट. 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच सरकारी मदत मिळते, म्हणून दोडक्याची फाटकी पानं आणि धड पानं वेगवेगळी मोजत बसले. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "किती जीव टाकतेस त्या दोडक्यावर! मंडईत ढिगानं पडलेत." खरंच आहे. पण मंडईतल्या दोडक्याची नि माझी ओळख नाही.

संध्याकाळी गावी काकांना फोन लावला. वांगी उपटू नको, म्हणाले, मोडलेलं तेवढं धारदार सुरीनं काप, खालून फुटतील. दोडक्याचा नाद सोड, ठेचलेला वेल उठत नाही. मेथी पुन्हा फेक, तीन आठवड्यांत हाताशी येते. खाली पडलेले टोमॅटो आजच्या आज उचल. काकांना हे सगळं तोंडपाठ.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट थांबायचं नाव घेत नव्हती. काकांची ज्वारी काढणीला आलेली, हरभऱ्याची रास उघड्यावर. मदतीची अट तेव्हा निम्म्या नुकसानीची होती. काकांना काही मोजावं लागलं नाही. मी भेटायला गेले, तर ते ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते. कापायला रानात काही उरलेलं नव्हतं. अंगणात तवा उपडा पडला होता, चार दिवस झाले तरी कुणी उचलला नव्हता.

माझ्या पंचनाम्यात एक नोंद राहिलीय. त्या दुपारी टोमॅटो उचलण्याआधी मी चिखलातली सगळ्यात मोठी गार उचलली, धुतली आणि वाटीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली. कशाला, ते विचारू नका.

रविवारी काका यायचेत. वाटी मटारच्या पिशवीमागे सरकवून ठेवलीय.