पाणचक्कीत दोन तास

जालन्याहून सकाळच्या एसटीनं संभाजीनगरला गेलो होतो, एका कागदावर सही घ्यायला. "साहेब मीटिंगला गेलेत, दोननंतर या," असं कळलं. शहागंजातल्या आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "घरी नको येऊ बाबा, सहा दिवस झाले नळाला पाणी नाही, भांडी तशीच पडलीत. पाणचक्कीला ये. तिथं तरी पाणी बघू."

पाणचक्की मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. वेरूळ, दौलताबाद, मकबरा असं सगळं उरकून संध्याकाळी दहा मिनिटं. लक्षात राहिले ते फक्त हौदातले मासे. आता मिल कॉर्नरकडून चालत गेलो. मेहमूद दरवाजाच्या कमानीत दोन रिक्षा समोरासमोर अडकल्या होत्या आणि दोघांपैकी कुणीच मागं हटायला तयार नव्हतं. तो दरवाजा हत्ती-घोड्यांसाठी बांधलेला, त्यात आता सगळं गाव घुसतंय.

तिकीट काढून आत गेलं की हॉर्नचे आवाज हळूहळू मागं पडतात. आवार तसं लहानच. मधोमध लांबट हौद, काठावर प्रचंड वड, एका बाजूला बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या सूफी संतांचा दर्गा, आणि पलीकडं खाली खाम नदी. आत्या वडाखाली आधीच बसली होती. मोबाईल मांडीवर, हातात नाही पण हाताशी.

पोळा होऊन आठवडा झालेला, पाऊस बरा पडलेला, त्यामुळं भिंतीवरून पाणी जोरात कोसळत होतं. हे पाणी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून येतं. जमिनीखालून भाजक्या मातीचे नळ आणि दगडी पाट, वाटेत ठिकठिकाणी विटांचे उंच मनोरे. पाणी त्या मनोऱ्यांत चढतं, कोंडलेली हवा सुटते आणि पुढचा प्रवास सुरू होतो. पंप नाही, वीज नाही. नुसता उतार आणि तो उतार ओळखणारा माणूस. शेवटी पाणी उंच भिंतीत चढवून खाली सोडायचं, त्या धारेनं खालचं पातं फिरायचं आणि पात्याच्या दांड्याला जोडलेलं वरचं जातं. त्यावर फकीर, यात्रेकरू आणि इथं शिकणाऱ्या मुलांसाठी पीठ दळलं जायचं.

आमच्या शेजारी एक गृहस्थ पोरांना सांगत होते, "हे सगळं मलिक अंबरचं." आपल्याकडं एकूण एक नहर, म्हणजे असा जमिनीखालचा पाण्याचा पाट, अंबरच्या खात्यावर टाकायची सवयच आहे. निजामशाहीच्या या वजिरानं 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि गावाला नहरीनं पाणी दिलं, हे खरंच. पण पाणचक्कीची नहर त्याच्यानंतरची. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं डोळ्यांनी दाबलं.

मला सगळ्यात आवडलं ते हौदाच्या पोटातलं दालन. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी वागवणारं छत, म्हणून उन्हाळ्यातही खाली गार. आमच्या स्लॅबला एका पावसाळ्यात ओल येते.

हौदातलं जास्तीचं पाणी खाली खाममध्ये पडतं. तिकडं वाकून पाहिलं तर नदीचा रंग आणि वास दोन्ही वेगळे. वर मासे दिसावेत इतकं नितळ, खाली सांडपाणी. मध्ये एक भिंत. नदी साफ करायचं काम शहरात सुरू झालंय, काही ठिकाणी काठ खरोखर बदललेत. इथं मात्र मी नाकाला रुमाल लावला.

"लग्न होऊन आले तेव्हा," आत्या म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, ह्या गावात पाण्याला तोटा नाही." मग स्वतःच हसली. "आता मला स्वप्नात टँकर दिसतो."

मुंबईहून आलेलं एक जोडपं आम्हाला फोटो काढायला सांगत होतं. त्यांना ती भिंत पाठीमागं हवी होती. मी तिसरा फोटो काढत असताना आत्याचा मोबाईल वाजला. शेजारीण होती. आत्या ताडकन उठली. तिचे गुडघे दुखतात, असं मी दहा वर्षं ऐकतोय.

"चल, चल! पाणी आलंय. पाऊण तासच राहतं."

माझी सही? ती म्हणाली, सही उद्याही होते. फाटकाबाहेर रिक्षा मिळाली, आत्यानं भावही विचारला नाही. मेहमूद दरवाजाशी आलो तर कमानीत पुन्हा दोन रिक्षा समोरासमोर. आत्या खाली उतरली, पदर खोचला आणि त्या दोघांकडं चालू लागली.