ड्रेनमधलं पन्नास मिली

व्हिपलची, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायच्या शस्त्रक्रियेची केस होती, गाठ अँप्युलाची. म्हणजे पित्तनलिका आतड्यात उघडते त्या तोंडाशी. नातेवाइकांना सांगायला बातमी बरी, स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या कॅन्सरपेक्षा हे रुग्ण जास्त जगतात. टेबलावर मात्र हिशेब उलटा. डोक्यातला कॅन्सर स्वादुपिंडाची नलिका तुंबवतो, त्यामुळे ती रुंद होते, ग्रंथी कडक होते आणि टाका धरते. इथे ग्रंथी लोण्यासारखी आणि नलिका जेमतेम 2 मिमी.

डोकं, आद्यांत्र, पित्ताशय काढून झाल्यावर तीन जोड करायचे. पित्ताचा आणि जठराचा सहसा निभावतो. स्वादुपिंडाचा करताना 5-0 पीडीएस या बारीक दोऱ्याची गाठ ग्रंथी टेकेपर्यंतच आवळायची. जरा जास्त ओढलं की दोरा ग्रंथी कापत बाहेर येतो. ही ग्रंथी दिवसाला लिटर-दीड लिटर रस करते. त्यातली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स एरवी आतड्यात पोहोचल्यावरच जागी होतात. जोड गळला की ती पोटातच जागी होतात, आणि शेजारीच यकृताच्या धमनीच्या फांदीचा, गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचा, कापून बांधलेला बुंधा असतो.

तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं, अमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम रक्तातल्या सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं की गळती धरतात. इथे ते हजारांत होतं. पण ताप नव्हता, पेशंट जेवत होते. ड्रेन तसाच ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पिशवीत पन्नासेक मिली लाल आलं आणि थांबलं. नाडी, बीपी, हिमोग्लोबिन जागच्या जागी. रेसिडेंट म्हणाला, "सकाळी बघू." सिस्टरनी मोजून चार्टवर लिहिलं आणि थेट मला फोन लावला. व्हिपलनंतरचं असं थांबलेलं रक्त म्हणजे इशारा. मोठा रक्तस्राव काही तासांतही येतो. हे सिस्टरना कुणी शिकवलं नव्हतं, रेसिडेंटच्या पुस्तकात ते होतं.

सीटी अँजिओत बुंध्यावर स्यूडोअॅन्युरिझम, म्हणजे भिंत फाटून झालेला रक्ताचा फुगा दिसला. बुंधा आखूड, तो आतून बुजवणारी तारेची कॉइल टिकली नसती. म्हणून जांघेतून जाऊन यकृताच्या धमनीत कव्हर्ड स्टेंट, म्हणजे आवरण असलेली जाळीची नळी बसवली. बुंध्याचं तोंड बंद झालं, यकृताचं रक्त चालू राहिलं. हे करणारा रेडिऑलॉजिस्ट त्या रात्री शहरात होता, हे नशीब. रोबोटच्या जाहिराती करणाऱ्या किती रुग्णालयांत रात्री तो मिळतो?

अशा बुंध्यावर काही सर्जन लिगामेंटम टेरिसची, म्हणजे यकृतापासून बेंबीकडे जाणाऱ्या बंधाची पट्टी गुंडाळतात. आम्हीही गुंडाळली होती. सर म्हणतात, पट्टीमुळेच पहिला रक्तस्राव एवढ्यावर थांबला. मला ते पटत नाही, पण पुढच्या मऊ ग्रंथीलाही मी पट्टी गुंडाळणारच.