व्हॅनमधलं इंटरनेट : इन्व्हर्टर बंद, राउटर चालू

मंडळी, व्हॅनच्या कामाची ताजी खबर. फोर-जी राउटर इन्व्हर्टरवरून उतरवून थेट १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर घेतला. गुहागर, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे असा समुद्राकाठचा रस्ता त्यावर करून आलो. नेटसाठी इन्व्हर्टरला हात लावावा लागला नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, ते बॅटरीच्या शंटवरचे (बॅटरीतून किती करंट जातो ते मोजणाऱ्या मीटरवरचे) आकडेच सांगतील. इन्व्हर्टर नुसता चालू, त्याला काहीही जोडलेलं नाही, तरी १.१ अँपिअर. राउटरचा अडॅप्टर लावला की १.८५ च्या आसपास. तोच राउटर डीसीवर, म्हणजे थेट बॅटरीवर, घेतला की ०.६. चोवीस तास नेट चालू ठेवायचं तर पहिल्या तऱ्हेने ४४ अँपिअर-तास जातात, दुसऱ्या तऱ्हेने १४-१५. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, त्यात फ्रिज आणि पंखे आहेतच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मुळात १२ व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरने त्यांचे पुन्हा १२ करायचे, हा द्राविडी प्राणायामच.

आता बॅटरी १२ ची, राउटरही १२ चा, मग दोन वायरी जोडून मोकळं व्हावं असं वाटतं. मी तसं केलं नाही. आपण जिला १२ व्होल्टची म्हणतो ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चार सेलची असते. चार्ज होताना ती १४.६ पर्यंत चढते, भरून स्वस्थ बसली की १३.३ च्या आसपास असते आणि रिकामी होत आली की १२ च्या खाली घसरते. बऱ्याच राउटरना एवढी चढउतार चालते, कारण आत त्यांचा स्वतःचा रेग्युलेटर असतो. पण इनपुटला १६ व्होल्टपर्यंतच सोसणारा कपॅसिटर असेल आणि व्हॅन मे महिन्याच्या उन्हात उभी असेल, तर १४.६ मला फार जवळचे वाटतात. म्हणून मधे ९ ते ३६ व्होल्ट इनपुटचा, स्थिर १२ व्होल्ट ३ अँपिअर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज गरजेप्रमाणे उतरवणारा किंवा चढवणारा) बसवला. नुसता बक, म्हणजे फक्त उतरवणारा, घेऊ नका. त्याला इनपुट आउटपुटपेक्षा थोडं जास्तच लागतं, त्यामुळे बॅटरी उतरली की तो लंगडतो.

फ्यूज ३ अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या टोकाला. राउटरजवळ फ्यूज लावून समाधान मानणारे बरेच दिसतात. पण फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. वायर मधेच पत्र्याला घासून सोलली गेली, तर ही बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला मागेपुढे पाहत नाही.

राउटरला वीज देणाऱ्या गोल पिनबद्दल थोडं सविस्तर. ५.५ मिलिमीटर जाडीच्या पिनचे दोन प्रकार येतात, आतलं भोक २.१ आणि २.५. डोळ्यांना सारखेच दिसतात. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात सहज जाते, उभ्या गाडीत राउटरही लागतो. मग रस्त्यावर खड्डा आला की रीस्टार्ट. आपल्याकडच्या रस्त्यांवर नेट कधी टिकेल याचा अंदाज करा! भोक मोजायला व्हर्नियर नसेल तर जुन्या अडॅप्टरची पिनच कापून वापरावी. मात्र जोडण्याआधी आतला भाग प्लस आहे ना, हे मीटरवर बघायचंच.

राउटर कुठे ठेवायचा, यावर सगळ्यात जास्त डोकं चालवलं. पत्र्याच्या गाडीत सिग्नल आत येता येत नाही, म्हणून अँटेना टपावर. बॅटरी मागच्या सीटखाली असली तरी राउटर तिच्याजवळ ठेवायचा मोह टाळला. आरजी-५८ सारख्या पातळ अँटेना केबलमध्ये २३०० मेगाहर्ट्झला तीन मीटरमध्येच निम्मा सिग्नल जिरतो. उलट १ स्क्वेअर एमएमची डीसी वायर चार मीटर ओढली, तर जाऊन-येऊन ०.१ व्होल्टही पडत नाही. म्हणून राउटर टपाला लागून, अँटेनाची केबल वीतभर, आणि डीसीची वायर हवी तेवढी लांब.

तवसाळच्या फेरीबोटीवर इंजिन बंद केल्यावर मीटर १४.२ वरून १३.३ वर आला, राउटरच्या पिनवर १२.०२ जागचे हलले नाहीत. सिग्नल कमकुवत असला की राउटर जोर लावून बोलतो, तेव्हा ०.६ चे ०.७ होतात. त्यापलीकडे फरक नाही.

राहिलं आहे ते उष्णतेचं काम. टपाखालच्या कोपऱ्यात दुपारी राउटरला हात लावायची सोय नसते, तिथे ४० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवायचा आहे. कन्व्हर्टरमध्ये त्यापुरती ताकद शिल्लक आहे. कुणी फाइव्ह-जी राउटर असा थेट डीसीवर चालवत असेल, तर त्याचा शंटवरचा आकडा सांगा. ३ अँपिअरच्या फ्यूजवर तो भागेल का, ते आधीच ठरवायचं आहे.